हिरव्या नावांची तालीम

जिल्ह्यातलं सगळ्यांत निर्भय मंडळ म्हणून आमच्या मल्लखांब मंडळाला मिळालेली ढाल मी स्वतःच्या हातांनी घेतली होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी उकरून काढायला नको. फोटोत मी दात दाखवत हसतेय, शेजारी आमचे प्रशिक्षक निकम सर नम्रपणे हात जोडून उभे आहेत आणि पुढे माझा ओजस दंडावर पट्टी लावून समोर बघतोय. दहा वर्षांचं पोर, सगळे हसताना हा आपला मख्ख. घरी आल्यावर त्याबद्दल मी त्याला झापलंही होतं.

मी वैजयंती मोकाशी. कराडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सावकाश चालणारी माणसं, सावकाश बोलणारी माणसं आणि 'बघू' म्हणणारी माणसं मला सहन होत नाहीत. बहुधा म्हणूनच मंडळाचे सेक्रेटरी शिराळकर अण्णा यांनी मला रक्षक केलं. तेव्हा नवा क्रीडासंरक्षण कायदा आला होता. क्रिकेटची अकादमी असो, पोहण्याचा तलाव असो की आजी-आजोबांचा सकाळचा बॅडमिंटन ग्रुप, खेळायला येणाऱ्या लहानथोर कुणालाही तिथल्या माणसाचं भय वाटता कामा नये, आणि त्यावर लक्ष ठेवायला प्रत्येक मंडळात एक रक्षक हवा. "मॅडम, तुम्हाला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय," अण्णा म्हणाले, "तुम्हीच व्हा." मी झाले.

लक्ष ठेवायचं खरं काम मात्र पट्टी करायची.

ही पट्टी जखमेवर लावतात तेवढीच असते. दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची आणि आठवडाभर विसरून जायचं. माणूस घाबरला की त्याच्या घामात दोन बदल होतात. एक लगेच होतो. घामाच्या ग्रंथी क्षणात उघडतात, कातडी ओलसर होते आणि तिच्यातून वीज सहज वाहू लागते. दुसरा सावकाश होतो. कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तातून घामात उतरतं आणि बराच वेळ उतरत राहतं. पट्टी दोन्ही मोजते. आता मल्लखांबावर चढलेलं पोर घाबरणारच, पण उंचीची भीती वर गेल्यावर चढते आणि पाय जमिनीला लागले की ओसरते. माणसाची भीती तशी नसते. तो माणूस यायच्या आधीच ती येते, तो गेला तरी रेंगाळते आणि दुसऱ्या दिवशी तो दिसला की पुन्हा उभी राहते. या दोन भीतींचे आलेख इतके वेगळे दिसतात की माझ्या बारावीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्यांनाही ते ओळखता येतील.

राहिला प्रश्न भीती कुणाची याचा. त्यासाठी प्रशिक्षक, पदाधिकारी आणि रक्षक यांच्या गळ्यात कार्ड असतं. कार्ड सतत एक बारीक संदेश सोडत राहतं. पट्टी तो पकडते आणि भीती वाटली तेव्हा कोण जवळ होतं ते टिपून ठेवते. एकेका पट्टीचा आलेख हवा तेव्हा बघता यायचा; आणि दर शनिवारी माझ्या टॅबवर आमची नावं यायची, प्रत्येक नावापुढे एक रंग. हिरवा म्हणजे निर्धास्त. पिवळा म्हणजे जरा बघा. लाल म्हणजे रक्षकाने चौकशी करायची आणि तोवर त्या माणसाने मैदानावर पाय ठेवायचा नाही. रक्षकच लाल झाला तर त्याने कार्ड उतरवून ठेवायचं. हे कलम वाचून मी हसले होते.

ढाल मिळाली ती उगीच नाही. आमच्याकडे पहिल्यापासून सगळं हिरवंगार होतं. निकम सरांसारखा कडक माणूस, सगळ्या तालुक्याला शिस्त लावलेला, पण त्यांच्या नावापुढे पिवळा ठिपकासुद्धा कधी आला नाही. माझा नवरा श्रीरंग लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकला. सरांचं नाव निघालं की तो अजून बसल्या जागी ताठ होतो. ओजसला सरांकडे घालताना मला वेगळा विचारच करावा लागला नाही.

ओजस मधूनमधून कुरकुरायचा. पोट दुखतंय, पाय दुखतोय, आज नको. मी टॅब त्याच्या नाकासमोर धरायचे. "हे बघ. हिरवा. तुला काहीही झालेलं नाही. नाटकं नकोत, चप्पल घाल." थंडीत तो दुलई घ्यायचा नाही. मी त्याच्या अंगाभोवती ती नीट खोचून द्यायचे आणि तो लाथा मारून ती भिरकावायचा. मल्लखांबाने अंगात केवढी ऊब येते बघा, असं मी स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगत होते.

त्या डिसेंबरात एका शनिवारी टॅबवर लाल रंग आला. नाव होतं कुमुद मोकाशी. म्हणजे माझी थोरली नणंद.

कुमुदताई मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवतात. दिवाळीपर्यंत त्यांचा वर्ग सकाळी भरायचा, मग तो मुलग्यांच्या वेळेलाच संध्याकाळी भरू लागला. तालमीच्या मागच्या अंगणात लोखंडी चौकटीला दोरी टांगलेली आहे. अंगण आणि तालीम यांच्यामध्ये जाळीची भिंत, तिच्या आत मुलगे पुरलेल्या खांबावर सराव करतात. लहानपणच्या तापात ताईंचा एक कान गेला, दुसरा जेमतेम चालतो. त्यामुळे त्या शेजारच्या माणसाशीही कृष्णेच्या पैलतीरावर हाक मारल्यासारखं बोलतात. 'अगं, गुडघा सरळ!' ही आरोळी बाहेरच्या रिक्षा स्टँडवर ऐकू जाते. त्या घरी आल्या की माझं डोकं उठतं. तेव्हा लाल रंग बघून मला धक्का बसला असं मी म्हणणार नाही. एवढं ओरडल्यावर पोरी घाबरतील नाही तर काय, असंच माझ्या मनात आलं.

अण्णांनी लगेच बैठक बोलावली. "सही करून टाका, मॅडम. मुली आहेतच किती? दोरी बंद केली तरी मंडळाचं काही अडत नाही. पण ढाल गेली तर अनुदान जाईल."

निकम सर हळहळले. ते नेहमीच हळू बोलतात. "कुमुद माझीच विद्यार्थिनी हो. पण हल्ली फार आवाज चढवते. लेकरं फुलासारखी असतात. त्यांना जपावं लागतं."

घरी श्रीरंगने जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. "तू माझ्या बहिणीला काढणार?"

"मी नाही काढत. पट्टी सांगतेय."

"ताई पोरींसाठी जीव टाकते. तुला ती पहिल्यापासून आवडत नाही, एवढंच आहे हे."

"आवडत नाही म्हणून मी यंत्रात रंग भरत नाही, श्रीरंग."

ओजस आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत भात चिवडत होता. मी त्याला नीट जेव म्हणून ओरडले.

रविवारी सकाळी ताई स्वतः आल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि इतक्या हळू बोलल्या की मला वळून बघावं लागलं.

"वैजू, माझ्या पोरी मला घाबरतात?"

"ताई, आलेख तसं म्हणतो."

"त्याला नको विचारूस. पोरींना विचार. तू रक्षक आहेस ना? आजवर किती पोरांपाशी बसून बोललीस?"

कायद्यात ते लिहिलेलं होतं की रक्षकाने प्रत्येकाशी अधूनमधून एकट्याने बोलावं. पण पट्टी असताना बोलायचं कशाला, असं सगळीकडेच झालं होतं. मीही दर शनिवारी रंग बघायचे, सही करायचे आणि कणीक मळायला घ्यायचे.

"मला घाबरत असतील तर मी स्वतः येणं बंद करते," ताई म्हणाल्या. "पण त्यांच्या तोंडून ऐकून मगच." त्यांचे डोळे भरून आले होते. मला लाज वाटली आणि लाज वाटली की मी चिडते, म्हणून मी चिडून म्हणाले, "ठीक आहे, विचारते."

सोमवारी ताईंना घरीच थांबायला सांगून मी अंगणात सतरंजी टाकून बसले. मुली समोर. त्यांचं तोंड उघडवता उघडवता नाकी नऊ आले. मी शिक्षिका आहे, मला प्रश्न विचारून उत्तर घ्यायची सवय आहे, उत्तराची वाट बघायची नाही. शेवटी मी थकून गप्प बसले, तेव्हा मिसबा मुजावर सरकत सरकत माझ्या जवळ आली. नऊ वर्षांची, दोरीवर खारीसारखी चढणारी पोरगी.

"आम्हाला ताईंची नाही भीती वाटत."

"मग कसली वाटते?"

तिने जाळीकडे बघितलं. "काकू, गादी बोलते."

"म्हणजे काय गं?"

"आतून बोलते. आई गं, आई गं, म्हणते. मग सर सांगतात, मोजा. मग सगळी मुलं मोठ्यांदा आकडे म्हणतात. मग ती ऐकू येत नाही."

"तू कुमुदताईंना का नाही सांगितलंस?"

"त्यांना ऐकूच येत नाही ना. आणि सर म्हणाले, हा मुलग्यांचा खेळ आहे, दोरीवाल्यांनी मध्ये बोलायचं नाही."

मी उठले आणि तालमीत शिरले. सराव संपला होता. मुलगे नळावर हातपाय धूत होते, सर मागच्या खोलीत होते. कोपऱ्यात काथ्याची ती जुनी गादी सुतळीने बांधून उभी केलेली होती, माझ्याएवढी उंच. मी तिच्याकडे बघत राहिले. दुसरीकडे बघावंसं वाटेना, आणि बघितलं तेव्हा भिंतीवरची खुंटी दिसली.

मल्लखांबाचा एक दंडक आहे. खांबाला हात लावण्याआधी अंगावरचं सगळं काढायचं. अंगठी, साखळी, गंडादोरा, घड्याळ, कातडीला चिकटलेली पट्टी सोडली तर काही म्हणता काही ठेवायचं नाही. कुठं अडकलं तर कातडी सोलून निघते. मग अंगाला आणि खांबाला एरंडेल चोळायचं आणि नमस्कार करून चढायचं. हा नियम सर कुणालाही मोडू देत नाहीत, स्वतःही मोडत नाहीत. त्यामुळे त्यांचा सदरा खुंटीला होता, आणि सदऱ्यावर त्यांचं कार्ड. रोज संध्याकाळी ते तिथंच असायचं, सर जिथं आहेत तिथं कधीच नाही. जाळीपलीकडच्या मुली गादीतला आवाज ऐकून थिजायच्या तेव्हा त्यांच्या पट्ट्यांना सापडायचं ते जवळचं एकच कार्ड, कुमुदताईंचं.

पण मुलग्यांच्या पट्ट्यांचं काय? त्यांनी तर कुणाचं नाव नसलं तरी भीती दाखवायला हवी होती. तेवढ्यात ओजस नळावरून आला. मी त्याचा दंड धरला आणि माझा हात निसटला. पट्टी तेलाने लडबडलेली होती. सगळ्याच मुलांच्या पट्ट्या तशाच होत्या.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे कळायला इतके दिवस लागावेत, याचा मला अजून संताप येतो. तेलातून वीज जात नाही. घाम तेलाला ओलांडून पट्टीपर्यंत पोचत नाही. कंपनीने पट्टी तपासली ती धावणाऱ्यांवर, पोहणाऱ्यांवर, क्रिकेटवाल्यांवर. खेळायच्या आधी अंगभर एरंडेल चोळणारी माणसं असतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पट्टीला अंगाची ऊब लागत होती, म्हणून ती चालू राहायची. आकडा काही येत नव्हता. यंत्राच्या लेखी काहीच न कळणं आणि सगळं शांत असणं एकच होतं. मुली कोरड्या दोरीवर चढतात, त्यांना तेल लागत नाही, म्हणून पूर्ण मंडळात खरं बोलणाऱ्या पट्ट्या त्यांच्याच होत्या.

तरी खात्री हवी होती. मी जगात फक्त पालीला घाबरते, आणि आमच्या न्हाणीघरात एक कायमची राहते. घरी येताच मी दंडाला एरंडेल चोळलं, पट्टी लावली आणि आत जाऊन पालीखाली उभी राहिले. ती सरसर खाली आली तेव्हा मी किंचाळले, बादली लाथाडली आणि दाराला डोकं आपटून घेतलं. टॅबवर हिरवा. मग डाळीच्या पिठाने दंड खसाखसा धुऊन, नवी पट्टी लावून पुन्हा आत गेले. या वेळी पाल जागची हललीसुद्धा नाही, तरी टॅब लाल झाला. श्रीरंग बाहेरून विचारत होता की आत काय चाललंय.

मी ओजसला हाक मारली. त्याचाही दंड डाळीच्या पिठाने धुतला, पुसून कोरडा केला, नवी पट्टी लावली. त्याने काही विचारलं नाही. तो हल्ली काही विचारत नसे. मी म्हटलं, पड जरा, मी आलेच. गारठा पडला होता म्हणून कपाटातून दुलई काढली आणि त्याच्या खोलीकडे निघाले. कार्ड माझ्या गळ्यात होतं. ते मी घरीही काढायचे नाही. मला त्याचा रुबाब वाटायचा.

काखेतला टॅब वाजला. मी दारातच होते.

ओजसच्या पट्टीवर लाल रंग होता. नाव एकच होतं, वैजयंती मोकाशी. आलेखाची रेघ मी खोलीत शिरण्याआधी, पॅसेजमध्ये माझी पावलं वाजली तिथूनच चढत गेली होती.

मी दुलई जमिनीवर टाकली आणि तिथंच फरशीवर बसले. तो पलंगाच्या कडेला भिंतीला टेकून बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन.

"ओजस, तुला गादीत घालतात का रे?"

मी दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि मला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत.

"उडी चुकली की," तो म्हणाला. "हात आत घेऊन गुंडाळतात आणि सुतळी बांधतात. मग उभं करतात. मी एकदा आतच उलटी केली."

"मला सांगायचं होतंस, राजा."

"सांगितलं होतं." तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. "मी म्हटलं होतं, मला जायचं नाही. तू म्हणालीस, पट्टी हिरवी आहे, नाटकं करू नकोस."

मी रडले. त्याच्यासमोर रडायचं नाही असं ठरवूनही रडले.

श्रीरंग दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "गादी आमच्या वेळीही होती," तो म्हणाला.

"आणि तू आपल्या पोराला तिथं पाठवलंस?"

"मला वाटलं, सगळ्याच तालमीत असते. आम्ही त्याला शिस्त म्हणायचो." तो खाली बसला. त्या दिवशी तो सरांबद्दल बोलतानाही ताठ झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ओजस तालमीला गेला नाही. मी बालसंरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली. त्यांनी ओजसचा जबाब घेतला, मिसबाचाही, तिच्या आईला शेजारी बसवून. पण ते म्हणाले, आणखी मुलांनी बोलायला हवं. आणि बाकीचे पालक माझ्या तोंडावर दार लावू लागले. आमचा मुलगा हिरवा आहे, आमच्या घरात कशाला भुतं आणता? राज्य स्पर्धा तोंडावर आलेली, संघ सर निवडणार. मुलं अजून रोज संध्याकाळी अंगाला तेल लावून तिथं जात होती. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळ झाली की मी घरात नुसत्या फेऱ्या मारायचे.

एकच वाट उरली होती. शनिवारच्या बैठकीत सगळ्या पालकांसमोर रक्षक म्हणून उभं राहायचं आणि तालीम बंद करायची. रक्षकाला तो अधिकार पालकांच्या बैठकीतच आहे, आणि रक्षक हिरवा हवा. शनिवारी दुपारी नवे रंग येणार होते, आणि ओजसच्या कोरड्या दंडावरची पट्टी आठवडाभर माझंच नाव घेत होती. मी त्याला रागावणं सोडलं होतं, दबकत चालत होते, तरी माझी चाहूल लागली की रेघ वर चढायची.

शनिवारी सकाळी मी एरंडेलाची बाटली घेतली. दुपारी पट्टी कोरी दिसली की यंत्र तिचा सगळा आठवडा शांत धरायचं; चमचाभर तेल तिच्याखाली सोडलं की मी हिरवी झाले असते. मी कशासाठी करत होते? त्याच्याचसाठी. तालमीतल्या सगळ्या पोरांसाठी. एवढी एक लबाडी करायला काय हरकत, असं स्वतःला पटवत मी त्याच्या खोलीत गेले.

ओजस चित्र काढत होता. त्याने बाटली पाहिली, पेन्सिल खाली ठेवली, बाही वर केली आणि दंड पुढे केला. कशाला, का, काही नाही. मान दुसरीकडे वळवून नुसता हात पुढे धरून बसला.

मी बाटलीचं बूच घट्ट लावलं. "नको," म्हटलं, "चित्र काढ तू." आणि बाहेर येऊन बाटली मोरीत ओतली.

बैठक तालमीतच होती. मुलांना आणू नका म्हणून मी बजावलं होतं, आणि माझं सोडून बाकीची कार्डं खुंटीला अडकवायला लावली होती. सगळे पालक, कुमुदताई, श्रीरंग आणि समोर खुर्चीत, सदरा खुंटीला लावून बसलेले निकम सर. मी तेलाचं सांगितलं, खुंटीचं सांगितलं. गादीवर आले तेव्हा अण्णांनी टॅब उचलला.

"मॅडम, आजचे रंग आलेत. लाल एकच आहे. तुमचं."

खोलीत कुजबुज झाली. निकम सर दुःखी आवाजात म्हणाले, "स्वतःच्या आईला भितंय ते लेकरू. आणि दोष माझ्या माथी?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "तो मला भितो, कारण मी त्याला रोज हाताला धरून तुमच्याकडे आणत होते. कोरडी पट्टी खोटं बोलत नाही. हे घ्या कार्ड, मी आता रक्षक नाही." कार्ड मी अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. "आता गादी आणा."

कुणी हललं नाही. शेवटी श्रीरंगने ती कोपऱ्यातून ओढत आणून पसरली. मी दंडाची पट्टी सगळ्यांना दाखवली, हात अंगाशी घेतले आणि गादीवर आडवी झाले. "गुंडाळ," म्हटलं. तो गादीची कड धरून थांबला. मग ताई पुढे आल्या, आणि दोघांनी मिळून मला गुंडाळलं.

मला वाटलं होतं, आतून मी मोठ्याने दोन शब्द बोलेन. निषेधाचं काहीतरी. पण आत गेल्यावर फक्त अंधार होता, आणि जुना घाम, तेल आणि कुणाच्या तरी उलटीचा वास. काथ्या गालाला टोचत होता. हात हलेनात. सोडलेला श्वास तोंडावरच परत येत होता. मी मोठी बाई आहे, बाहेर माझा नवरा आहे, कुठल्याही क्षणी हे सोडतील, हे सगळं मला माहीत होतं, आणि त्या माहितीचा काडीचाही उपयोग झाला नाही. मी "सोडा" म्हणून ओरडले. आवाज गादीतच राहिला. मग माझ्या तोंडून "आई गं" निघालं. मी ते म्हणायचं ठरवलं नव्हतं.

मग काथ्याला काहीतरी टेकलं, अगदी माझ्या डोक्यापाशी. कुमुदताईंनी आपला उरलेला कान गादीला लावला होता.

"वैजू," त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय गं मला."

बाहेर काढलं तेव्हा मी गादीच्या कडेलाच बसून राहिले. अण्णांच्या हातातला टॅब लाल होता. कुणाचंही नाव नव्हतं, नुसता लाल. पण त्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं. मागच्या रांगेतला एक दणकट बाप, तालुक्याचा जुना पदकवाला, ओंजळीत तोंड खुपसून बसला होता. त्याची बायको विचारत होती, "अहो, काय झालं?" आणि तो म्हणत होता, "पोराकडे घरी चल आधी. मला त्याला विचारायचंय." सर उठून खुंटीकडे सदरा घ्यायला गेले. वाटेत कुणी त्यांना नमस्कार केला नाही.

पुढच्या आठवड्यात बरीच मुलं बोलली. सरांवर खटला उभा आहे. कंपनीने पट्टी आता कानामागे नेली, तिथं तेल लागत नाही, आणि एक नवा रंग आणला. आकडा आला नाही तर नाव करडं होतं. करडं म्हणजे ठाऊक नाही, जाऊन विचारा. आमच्या मंडळाची रक्षक आता कुमुदताई आहेत. एकेका पोराला अंगणात घेऊन बसतात आणि 'काय रे, कसं चाललंय?' असं रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारतात. मग चांगला कान त्याच्या तोंडाशी नेऊन, तो बोलेपर्यंत तशाच थांबतात. ढाल मी परत करायला लावली.

ओजसची पट्टी मी काढून टाकली आहे. मला तो किती भितो हे यंत्राकडून बघायचं नाही. त्याच्या खोलीत जाताना मी आता पॅसेजमधूनच हाक मारते आणि तो 'ये' म्हणेपर्यंत थांबते. कधी म्हणतो, कधी म्हणत नाही. नाही म्हटलं तर मी परत फिरते.

काल गारठा जास्त होता. तो 'ये' म्हणाला. मी दुलई पायांशी ठेवली आणि विचारलं, "घालू का?" त्याने विचार केला. मग स्वतःच टोक धरून ती गुडघ्यांपर्यंत ओढून घेतली.

"एवढीच," तो म्हणाला.

"एवढीच," मी म्हणाले, आणि दुलईला हात लावला नाही.